सहा फूट दहा इंचाचा माणूस आणि मुठीएवढी किडनी

पायाला सूज आली की आपण सहसा काय म्हणतो? ‘दिवसभर उभे राहावे लागले.’ ‘प्रवास झाला.’ ‘जेवणात मीठ जास्त पडले असेल.’ रात्री पाय उशीवर ठेवून झोपायचे आणि सकाळी पुन्हा कामाला निघायचे.

२००० सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील एका माणसाच्या पायाला अशीच सूज होती. अंगात थकवा होता. पण हा माणूस नुकताच ऑस्ट्रेलियातील सिडनीहून ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन परतला होता. ऑलिंपिक चालू असतानाच मुलीच्या जन्मासाठी तो घरी जाऊन पुन्हा सिडनीला आला होता. एवढा प्रवास झाल्यावर पाय सुजणारच, असे कोणालाही वाटावे. वय अवघे ३०, उंची ६ फूट १० इंच, दंड आणि खांदे पैलवानासारखे. अशा माणसाला मोठा आजार असेल, असे कोणाच्या मनात येणार?

खेळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व खेळाडूंची तपासणी होते, तशी त्याचीही झाली. रक्त आणि लघवीच्या अहवालांनी सांगितले की त्याच्या दोन्ही किडन्या खराब होत चालल्या आहेत. या खेळाडूचे नाव अलोन्झो मोर्निंग.

वाचकहो, हा माणूस आजारी कसा पडला, कसा वाचला आणि पुन्हा मैदानावर कसा उभा राहिला, हे समजून घेताना किडनीच्या आजाराबद्दल बरेच काही कळते. म्हणून या वेळच्या पानावर त्याची हकीकत सविस्तर देत आहोत.

दुसऱ्याच्या घरात वाढलेला मुलगा

अलोन्झोचा जन्म ८ फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक या गावी एका काळ्या कुटुंबात झाला. आई-वडील वेगळे झाले आणि लहान वयातच तो सरकारी देखरेखीखाली एका शिक्षिकेच्या घरी राहू लागला. या बाईंनी अशी अनेक मुले आपल्या घरात वाढवली होती. अभ्यास, शिस्त आणि वेळेवर जेवण त्याला त्या घरात मिळाले. पुढे मोठेपणी त्याने त्या बाईंचे ऋण जाहीरपणे मान्य केले.

उंची झपाट्याने वाढली आणि बास्केटबॉल हाती आला. वॉशिंग्टन शहरातील जॉर्जटाऊन विद्यापीठात १९८८ ते १९९२ अशी चार वर्षे तो शिकला आणि खेळला. तिथले प्रशिक्षक जॉन थॉम्पसन स्वतः काळे होते, आणि खेळाडूंनी पदवी पूर्ण केलीच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष असे.

१९९२ साली अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा शकील ओनीलनंतर दुसरे नाव अलोन्झोचे पुकारले गेले. आधी शार्लट शहराच्या संघात आणि १९९५ पासून मायामी शहराच्या ‘हीट’ या संघात तो खेळला. १९९६ मध्ये मायामीने त्याच्याशी ७ वर्षांचा १० कोटी ५० लाख डॉलरचा करार केला.

बास्केटबॉलमध्ये जमिनीपासून १० फूट उंचीवर लोखंडी कडी असते. चेंडू त्या कडीतून गेला की गुण मिळतो. अलोन्झोची जागा त्या कडीखाली. समोरच्या खेळाडूने चेंडू टाकला की उडी मारून तो हवेतच परतवायचा, हे त्याचे मुख्य काम. याला ब्लॉक म्हणतात. १९९९ आणि २००० अशी सलग दोन वर्षे तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. १९९९-२००० च्या हंगामात त्याने दर सामन्याला सरासरी २१.७ गुण मिळवले आणि ३.७ ब्लॉक केले. त्यानंतर सुवर्णपदक आले, आणि पाठोपाठ तो अहवाल.

किडनी करते तरी काय?

आपल्या पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या भागात, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. एकेकीचे वजन साधारण १५० ग्रॅम. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघींकडे जातो.

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. चहाच्या गाळणीतून चहा खाली जातो आणि चोथा वर राहतो, तसेच इथे होते. रक्तातले पाणी, क्षार आणि घाण गाळणीतून खाली जाते. रक्तपेशी आणि प्रथिने, म्हणजे प्रोटीन, वर राहतात. दिवसभरात असे सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यातले बहुतेक शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते.

किडनीची कामे एवढ्यावर संपत नाहीत. रक्तदाब सांभाळणे, रक्त तयार करण्यासाठी हाडांतल्या मगजाला संदेश पाठवणे, हाडे बळकट ठेवणे, रक्तातील पोटॅशियम प्रमाणात ठेवणे हीदेखील तिचीच कामे आहेत. म्हणून किडनी बिघडली की रक्तदाब चढतो, रक्त कमी होते, धाप लागते. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक दगावू शकतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. किडनी दुखत नाही. काही गाळण्या निकामी झाल्या तर उरलेल्या गाळण्या जास्त काम करून वेळ मारून नेतात. माणसाला काही जाणवेपर्यंत निम्म्याहून अधिक नुकसान झालेले असू शकते. अलोन्झोसारख्या खेळाडूला जे जाणवले नाही, ते रोज ओझे उचलणाऱ्या, झाडू मारणाऱ्या किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्या माणसाला कसे जाणवणार?

गाळणीवर पडलेले व्रण

अलोन्झोच्या आजाराचे नाव लांबलचक आहे. फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस. डॉक्टर त्याला थोडक्यात एफएसजीएस म्हणतात. अर्थ सोपा आहे. किडनीतल्या काही गाळण्यांच्या काही भागांवर व्रण पडतात. भाजल्यावर कातडी जशी आकसते आणि कडक होते, तशी ती गाळणी कडक होते. मग तिच्यातून प्रोटीन गळू लागते.

लघवीतून प्रोटीन गेले की लघवीला फेस येतो. रक्तातले प्रोटीन कमी झाले की पाणी रक्तात टिकत नाही, ते अंगात झिरपते. म्हणून पाय सुजतात, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. अलोन्झोच्या पायावरच्या सुजेचे मूळ प्रवासात नव्हते, इथे होते.

हा आजार मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. काही वेळा कारण सापडते, अनेकदा सापडत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो जास्त आढळतो. यामागे ‘एपीओएल १’ नावाच्या जनुकातील बदल आहेत, असा शोध २०१० मध्ये लागला. पश्चिम आफ्रिकेत माशी चावून होणाऱ्या निद्रारोगापासून या बदलांनी माणसाचे रक्षण केले, म्हणून ते पिढ्यानपिढ्या टिकले. पण आई आणि वडील दोघांकडून तो बदल आला तर किडनीच्या आजाराचा धोका वाढतो.

या आजारावर रक्तदाब आणि प्रोटीनची गळती कमी करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, कमी मीठ असे उपचार करतात. त्याने आजाराची चाल मंदावते. काही रुग्णांत आजार आटोक्यात राहतो. काहींच्या किडन्या मात्र उपचार चालू असतानाही निकामी होतात.

तीन वर्षांची ओढाताण

अलोन्झोने उपचार सुरू केले आणि खेळ थांबवला. जवळजवळ पाच महिने तो बाहेर होता. २००१ च्या मार्चअखेर परत आला आणि हंगामातले शेवटचे १३ सामने खेळला. २००१-०२ चा हंगाम त्याने औषधे घेत काढला. २००२-०३ चा पूर्ण हंगाम आजारपणात गेला.

२००३ मध्ये न्यूजर्सीच्या संघाने त्याला घेतले. तिथे तो १२ सामने खेळला. तोवर किडन्यांची ताकद झपाट्याने घसरली होती. रक्तातल्या क्षारांचे प्रमाण इतके बिघडले की मैदानावर धावणे जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी सांगितले. २४ नोव्हेंबर २००३ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. वय ३३.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. व्यावसायिक खेळाडू सांधे आणि स्नायू दुखले की सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सर्रास घेतात. अलोन्झोच्या आजाराचा दोष त्या गोळ्यांवर टाकायचा नाही. पण ज्याच्या किडन्या आधीच कमजोर आहेत, त्याच्यासाठी अशा गोळ्या घातक असतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही त्यातली आपल्या ओळखीची नावे. मेडिकलवाल्याकडे ‘अंगदुखीची द्या’ म्हटले की मिळतात त्या बहुतेक वेळा याच. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. उलट्या-जुलाब झालेले असताना किंवा उन्हात घाम जाऊन शरीर कोरडे पडलेले असताना त्या घेतल्या तर धोका आणखी वाढतो.

दहा कोटी डॉलरला न मिळणारी वस्तू

किडन्या निकामी झाल्यावर दोनच मार्ग उरतात. एक डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त साफ करणे. बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. दुसरा मार्ग प्रत्यारोपण, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवणे.

अलोन्झोकडे पैसा होता. पण अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. आपल्याकडे तीच बंदी १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आहे. किडनी विकत घेता येत नाही, कोणीतरी द्यावी लागते.

त्याचा मित्र आणि दुसऱ्या संघाकडून त्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे खेळलेला पॅट्रिक युईंग आपली किडनी द्यायला पुढे आला. दोघांनी कडीखाली एकमेकांना किती धक्के मारले असतील, त्याची गणती नाही. पण किडनी शेवटी मिळाली ती नात्यातल्या एका भावाकडून. हा भाऊ सैन्यातून निवृत्त झालेला. दोघांची अनेक वर्षे भेटही नव्हती. अलोन्झोच्या आजी दवाखान्यात अत्यवस्थ होत्या. त्यांना बघायला हा भाऊ गेला, तेव्हा त्याला अलोन्झोच्या आजाराबद्दल कळले. त्याने तपासणी करून घेतली आणि जुळणी झाली.

१९ डिसेंबर २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली. निवृत्ती जाहीर करून महिनाही झाला नव्हता.

नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि तिच्या शिरा मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जुन्या किडन्या बहुधा तशाच राहू देतात. शरीर मात्र नव्या किडनीला परके समजते आणि तिच्यावर हल्ला करायला जाते. तो हल्ला रोखणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. एकही दिवस चुकवून चालत नाही. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून जंतुसंसर्गापासून जपावे लागते.

देणाऱ्याचे काय होते? निरोगी माणूस एका किडनीवर नीट जगू शकतो. देण्यापूर्वी त्याची कसून तपासणी होते. मधुमेह, अनियंत्रित रक्तदाब किंवा किडनीची काही तक्रार असेल तर त्याला नकार देतात. किडनी दिल्यावरही दरवर्षी तपासणी करावी लागते.

आपल्या कायद्यात आई-वडील, मुले, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडे हे ‘जवळचे नातेवाईक’ मानले जातात. अलोन्झोच्या भावासारखा चुलत, मामे किंवा आतेभाऊ त्यात येत नाही. त्याला किडनी द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. व्यवहारात पैसा नाही ना, दडपण नाही ना, हे ती समिती पाहते. दडपणाचा हा प्रश्न घरातल्या बायकांच्या बाबतीतही विचारायला हवा. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आई आणि बायको जास्त असतात, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. घरातल्या बाईला किडनी लागली तर किती पुरुष पुढे येतील, हा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारून पाहावा.

रक्ताच्या अहवालातला भेदभाव

अलोन्झोला नात्यातून किडनी मिळाली, म्हणून त्याला रांगेत फार काळ थांबावे लागले नाही. त्याच्या समाजातल्या हजारो लोकांचे तसे नव्हते. अमेरिकेत काळ्या माणसाच्या किडन्या निकामी होण्याचे प्रमाण गोऱ्या माणसापेक्षा तिपटीहून अधिक आहे. जनुक हे त्याचे एक कारण. मधुमेह, रक्तदाब, वेळेवर न मिळणारे उपचार आणि गरिबी ही बाकीची कारणे.

यात आणखी एक अन्याय दडलेला होता. स्नायूंची झीज होताना क्रिएटिनिन नावाचा पदार्थ रक्तात येतो आणि किडनी तो बाहेर टाकते. रक्तात क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनी कमी काम करते आहे. त्यावरून एका सूत्राने किडनीची ताकद काढतात. तो आकडा म्हणजे ‘ईजीएफआर’. साधारणपणे ९० च्या वर चांगला, ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर आजार, १५ च्या खाली म्हणजे किडनी निकामी.

१९९९ साली अमेरिकेत जे सूत्र आले, त्यात रुग्ण काळा असेल तर उत्तर सुमारे २१ टक्क्यांनी वाढवायचे असा नियम होता. काळ्या लोकांच्या अंगात स्नायू जास्त असतात, म्हणून त्यांचे क्रिएटिनिन मुळातच जास्त, हे त्यामागचे गृहीतक. आता गणित करून पाहा. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या रांगेत ईजीएफआर २० किंवा त्याखाली गेल्यावर प्रतीक्षेचा काळ मोजला जातो. गोऱ्या रुग्णाचा आकडा १७ आला तर त्याचा काळ सुरू. तेवढ्याच आजारी काळ्या रुग्णाच्या १७ चे सूत्राने २०.६ केले, की त्याला सांगायचे, ‘अजून थांबा.’ रक्त तेच, आजार तोच. फरक फक्त अर्जावर लिहिलेल्या वंशाचा.

डॉक्टर, विद्यार्थी आणि रुग्णांनी यावर वर्षानुवर्षे आवाज उठवला. २०२१ मध्ये तिथल्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी वंशाचा रकाना नसलेले नवे सूत्र स्वीकारायला सांगितले. २०२३ च्या जानेवारीपासून, जुन्या सूत्रामुळे ज्या काळ्या रुग्णांचा रांगेतला काळ बुडाला, तो त्यांना मोजून परत देण्याचा नियम लागू झाला. विज्ञानाच्या नावाने मांडलेले गणितसुद्धा तपासून पाहावे लागते, हे यातून समजते.

पुन्हा कडीखाली

किडनी बसवल्यावर पुन्हा व्यावसायिक खेळात उतरण्याचे एक उदाहरण अलोन्झोसमोर होते. सॅन अँटोनिओ संघाचा शॉन एलियट. त्यालाही हाच आजार होता. ऑगस्ट १९९९ मध्ये सख्ख्या भावाची किडनी त्याला बसवली आणि मार्च २००० मध्ये तो मैदानावर परतला.

अलोन्झोनेही निवृत्ती मागे घेतली. २००४ च्या हंगामात न्यूजर्सीकडून पुन्हा उतरला. मार्च २००५ मध्ये तो आपल्या जुन्या मायामी संघात परत गेला. आता तो पहिला खेळाडू नव्हता. पहिली जागा शकील ओनीलची होती, आणि शकील दमला की अलोन्झो आत यायचा. साधारण २० मिनिटे खेळायचा. ओटीपोटातल्या किडनीला बरगड्यांचे कवच नसते. तिथे बसणारा प्रत्येक धक्का धोक्याचा होता. तरी तो आपल्या वाटणीची मिनिटे पूर्ण जोर लावून खेळला.

२० जून २००६ रोजी डॅलस शहरात अंतिम फेरीचा सहावा सामना झाला. अलोन्झो १४ मिनिटे खेळला आणि तेवढ्यात ५ ब्लॉक केले, ८ गुण मिळवले. मायामीने ९५-९२ असा विजय मिळवला आणि संघ पहिल्यांदा विजेता झाला. सुवर्णपदकापासून पुरस्कारांपर्यंत सगळे मिळवलेल्या माणसाला जे विजेतेपद कधी मिळाले नव्हते, ते भावाच्या किडनीवर खेळून मिळाले.

१९ डिसेंबर २००७ रोजी, प्रत्यारोपणाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. जानेवारी २००९ मध्ये त्याने कायमची निवृत्ती घेतली. एकूण ८३८ सामने, १४,३११ गुण आणि २,३५६ ब्लॉक ही त्याची कमाई. मायामी संघाने त्याचा ३३ क्रमांक पुन्हा कोणाला न देण्याचे ठरवले. संघाच्या खेळाडूंत हा मान पहिल्यांदा त्यालाच मिळाला. २०१४ मध्ये त्याचे नाव खेळाच्या सर्वोच्च सन्मानितांच्या यादीत गेले. मायामीतल्या ओव्हरटाऊन या गरीब काळ्या वस्तीत त्याने मुलांसाठी केंद्र उभे केले आणि किडनीच्या संशोधनासाठी निधी जमवला.

२०२४ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट स्वतः जाहीर केली. त्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता आणि शस्त्रक्रिया करून ती ग्रंथी काढली. याही वेळी शरीराने काही कळवले नव्हते. रक्ततपासणीतला एक आकडा वाढला, त्यावरून पुढचे सारे समजले. एकाच माणसाला तपासणीने दोनदा वाचवले.

आपण काय करायचे?

आपल्याकडे किडन्या निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. म्हणून पुढच्या गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवाव्यात.

१. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, घरात कोणाला किडनीचा आजार झाला आहे, वारंवार मुतखडा होतो, बाळंतपणात रक्तदाब वाढला होता, किंवा जे बरेच दिवस अंगदुखीच्या गोळ्या घेतात, त्यांनी वर्षातून एकदा तीन तपासण्या कराव्यात. रक्तदाब, लघवीतील प्रोटीन आणि रक्तातील क्रिएटिनिन. सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारा.

२. अहवालात क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसले तरी ईजीएफआर किती, हे डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. बारीक चणीच्या आजीच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तिचा आकडा साधा दिसूनही किडनी कमजोर असू शकते.

३. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, लघवीला पाणी ओतूनही न जाणारा फेस, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठणे, भूक मरणे, खाज, धाप, सततचा थकवा यातले काही असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

४. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका. आत काय आहे ते माहीत नसलेली चूर्णे आणि भस्मेही नकोत. डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी मात्र ‘किडनी खराब होईल’ या भीतीने बंद करू नका. ती गोळीच किडनी वाचवते.

५. दिवसाला माणशी एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, यापेक्षा जास्त मीठ नको. लोणचे, पापड, फरसाण, सुकट आणि बोंबील यांतले मीठही त्यातच धरायचे. सैंधव हेही मीठच आहे.

६. ‘भरपूर पाणी प्या, किडनी धुतली जाते’ हा सल्ला सर्वांना लागू नाही. उन्हात काम करणाऱ्याला पाणी हवेच. पण ज्याची किडनी कमजोर आहे आणि अंगावर सूज आहे, त्याला डॉक्टर पाणी मोजून देतात. अशा रुग्णाने नारळपाणी आणि ‘कमी सोडियमचे’ मीठ विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते.

७. डायलिसिसची वेळ आलीच तर खचू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटा. रेशनकार्ड आणि ओळखपत्र सोबत न्या.

अलोन्झोच्या संघाचा नियम होता, म्हणून त्याची तपासणी झाली. आपल्या मागे असा संघ नाही. तपासणीला चला म्हणणारे कोणी नसते, आणि गेलो तर त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून हे काम आपणच एकमेकांसाठी करायचे. या महिन्यात घरातल्या ज्या माणसाला साखर किंवा रक्तदाब आहे, त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा. लघवीची बाटली आणि रक्ताची एक नळी, एवढेच द्यायचे आहे.